अठ्ठाविसाव्या दिवसाची नोंद

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टर,

काल, बुधवार दिनांक १२ फेब्रुवारी रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तू मला ‘मॅडम’ म्हणालीस.

वेळ अंदाजे लिहिलेली नाही. प्रयोगशाळेच्या दारावरचं घड्याळ चार मिनिटं पुढे असतं, ते मी चौतीस वर्षं सोसलंय. ती चार वजा करून लिहिते आहे. ठिकाण: दंतमहाविद्यालय, दुसरा मजला, प्रयोगशाळेचा उंबरठा. मी बाहेर, तू आत. साक्षीदार: विभागप्रमुख चंबूसाहेब, पहारेकरी, आणि फायली घेतलेले दोन अनोळखी गृहस्थ. त्यांतल्या एकाच्या बुटाला चिखल होता आणि तरीही तो आत होता.

आमच्या कॉन्व्हेंटात हेडमिस्ट्रेस सिस्टर तक्रारीचं पत्र लिहायला शिकवायच्या. आधी दिवस आणि वेळ, मग ठिकाण, मग साक्षीदार, मग घडलं ते, आणि शेवटी तुम्हाला काय हवं आणि केव्हापर्यंत. “रडणं आणि विशेषणं पाकिटाबाहेर ठेवा, मुलींनो.” रडणं बाहेर ठेवलंय. विशेषणांचं आश्वासन देत नाही.

घडलं ते असं. मी माझी उशी न्यायला आले होते. ज्या यंत्रावर मी जन्मभर पातळ काप घेतले त्या मायक्रोटोमसमोरच्या स्टुलावरची, निळ्या अभ्र्याची. निवृत्त होताना ती तिथेच राहिली होती.

“मॅडम, आत येता येणार नाही,” तू म्हणालीस.

“माझी उशी आहे आत.”

“मॅडम, आतलं काहीही हलवता येणार नाही. चौकशी चालू आहे.”

चंबूने मागून मान डोलावली. तो माणूस जन्मल्यापासून मान डोलावतोच आहे. मी वळले आणि जिना उतरले. गुडघा दुखत असताना, कठड्याला हात न लावता उतरले, हेही नोंदवून ठेव.

आता तू म्हणशील, मॅडम हा काय अपशब्द आहे? नाही. बँकेच्या खिडकीपलीकडच्या बाईला आपण मॅडमच म्हणतो. पण तुला एक आठवत असेल. विभागात झाडणारी, बाटल्या धुणारी, जी बाई दिसेल तिला डॉक्टरमंडळी सरसकट ‘मावशी’ म्हणतात, नाव विचारायचे कष्ट नकोत म्हणून. मी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, मला बाई म्हणा. मावशी म्हणायचा हक्क जगात एकाच व्यक्तीला आहे आणि ती सध्या दुसरीत आहे. पुढे ती व्यक्ती डॉक्टर होऊन त्याच विभागात आली, तेव्हा तिनेही शिस्त पाळली. तिथे बाई, घरी मावशी. मॅडम कुठेच नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. त्यानंतरच्या तुझ्या प्रत्येक शाळेच्या दिवशीच्या वेण्या मी घातल्या आहेत. दोन, घट्ट. तू ओरडायचीस. मी आणखी घट्ट घालायचे.

मला खुलासा हवा आहे. लेखी. २८ फेब्रुवारीपर्यंत.

आपली,
मॅडम


सोमवार, २४ फेब्रुवारी

डॉक्टर,

अकरा दिवस झाले. तुझं क्वार्टर आणि माझं घर यांच्यात तीन बसथांबे आहेत. टपाल चालत आलं तरी पोचतं.

परवा चंबूचा फोन आला. “बाई, तुमच्या भाचीने आम्हाला अडचणीत टाकलंय हो.” आम्हाला! तुझा निबंध छापून आला तेव्हा त्यात आपलं नाव घुसवायला हा माणूस तुझ्या दाराबाहेर तासभर उभा होता. आता अडचण आली की भाची माझी.

त्याच्याकडून कळलं ते असं, की परदेशातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेने तुझं काम पुन्हा करून पाहिलं आणि नेमकं उलटं निघालं. उंदराच्या पिल्लांच्या जबड्यात, दाताचं इनॅमल पक्कं होण्याच्या सुमारास, ते घडवणाऱ्या पेशींमधला त्या प्रथिनाचा संदेश बंद पडतो, असं तू लिहिलंस. ते म्हणतात, बंद पडत नाही, चांगला ठणठणीत चालू असतो. म्हणून चौकशी. म्हणून सील. हे सगळं मला परवा कळलं.

मला शिकवू नकोस म्हणशील. पण तुझं पहिलं भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. तू म्हणाली होतीस, पेशीच्या आत चिठ्ठ्या असतात, कुठलं प्रथिन बनवायचं ते त्यांत लिहिलेलं असतं, आणि आम्ही त्या चिठ्ठ्या कुठे आहेत ते रंगाने शोधतो. सगळ्यांना कळलं. चंबूलासुद्धा.

तर आता मी सरळ विचारते. संशोधक कोण, तू की मी? चिठ्ठी सापडली नाही, तर ती मुळात नव्हती की आपल्या हातून नाहीशी झाली, हे ताडून बघायला कंट्रोल स्लाइड लावतात. हमखास असणारी दुसरी एखादी चिठ्ठी शोधायची. तीही सापडली नाही, तर खोट जबड्यातच आहे. हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कळतं. तू लहान पिल्लांच्या जबड्यांना कंट्रोल लावलंस आणि वीस दिवसांच्या मोठ्या पिल्लांच्या जबड्यांना लावलं नाहीस. का? चिठ्ठी तर तिथेच गायब होती. तुला इतका आळस कुठून आला? माझ्या घरात तर नव्हता.

तू सात वर्षांची असताना तुझा पुढचा दुधाचा दात पडला. तो उशीखाली वगैरे ठेवायचं खूळ मी चालू दिलं नाही. विभागात नेला, काचेवर पूड टाकून दोन दिवस हाताने घासला, कागदापेक्षा पातळ केला आणि तुला सूक्ष्मदर्शकापाशी स्टुलावर उभं केलं. इनॅमलमध्ये एक गडद रेघ दिसत होती. “ही कसली?” तू विचारलंस. “तू जन्मलीस त्या दिवसाची,” मी म्हटलं. “आतलं आईच्या पोटातलं, बाहेरचं नंतरचं.” तू दिवसभर त्या नळीवरून डोळा काढला नाहीस आणि संध्याकाळी पुढचे तीन दात नसलेल्या तोंडाने सगळ्या वाड्याला सांगत सुटलीस की माझा वाढदिवस माझ्या दातात आहे. तेव्हापासून तू बोळकं.

ती स्लाइड माझ्याकडे आहे. मागितलीस तरी मिळणार नाही.

जानेवारीपासून तू रविवारी येत नाहीस. मी कारण विचारलं नव्हतं. विचारते आहे असं समजू नकोस.

मुदत २८ फेब्रुवारी हीच.

बाई


रविवार, ९ मार्च

बोळके,

मुदत संपली. तुझं पत्र आलं नाही, उशी आली.

काल सकाळी दाराची घंटा वाजली. बघते तर तुमची नवी टेक्निशियन, माझ्या जागी आलेली. मी तिला घाई म्हणते हे तिला माहीत आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही, हे मला फार खटकतं.

“बाई, ताईंनी ही उशी द्यायला सांगितलीय.”

“का? ताईंना पाय नाहीत?”

“आहेत ना. पण सध्या ते समितीपुढे उभे असतात.”

घाईला उत्तर देता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. आत बोलावलं. चहा टाकला. उशीचा अभ्रा धुतलेला होता, तुटलेलं बटण लावलेलं होतं. चार भोकांचं बटण फुलीच्या टाक्याने लावायचं, हे मी तुला सातवीत शिकवलं. फुलीच होती.

“समितीला तिने काय सांगितलं?” मी विचारलं.

“हेच, की चूक माझी. मोठ्या जबड्यांना कंट्रोल लावलं नाही, निष्काळजीपणा झाला. टेक्निशियनचा काही संबंध नाही.”

“कोण टेक्निशियन?”

“तुम्हीच की हो, बाई. तेव्हा मी कुठे होते?”

मग ती बशीत चहा ओतत, आपल्या नेहमीच्या वेगात, पुढचं बोलली. जानेवारीत तू तिला मेणात बसवलेले ते जुने ब्लॉक काढायला लावलेस. मोठ्या पिल्लांच्या जबड्यांचे. तिने नवे काप घेतले, नेहमीचा वेळ देऊन रंगवले. पेशींची केंद्रकं फिकी आली.

“मला वाटलं माझाच हात चुकला,” घाई म्हणाली. “ताई म्हणाल्या, परत कर. परत केलं, परत फिकी. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः रंगवलं. मग सूक्ष्मदर्शकातून बघत बसल्या, बघत बसल्या. मला म्हणाल्या, हे कुणाला सांगू नकोस. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.”

“मला सांगते आहेस ते काय?”

“तुम्ही काय ‘कुणी’ आहात का, बाई?”

मी गाळणं धुवायच्या निमित्ताने उठले. तिला म्हटलं, ब्लॉक जुने झाले की फिके येतात.

हे खोटं आहे. मेणातला ब्लॉक पन्नास वर्षांनी कापला तरी केंद्रक जांभळंच येतं. तुला हे माहीत आहे, कारण तुला मी शिकवलं.

घाईने आणखी सांगितलं. शेवटची सुनावणी सोमवारी, ३१ मार्चला सकाळी अकरा वाजता. निष्काळजीपणा लिहिला तर तुझी प्रयोगशाळा बंद होईल. ‘बनावट माहिती’ असं लिहिलं तर तुझं नाव कुठेच राहणार नाही, आणि तुझ्या दोन विद्यार्थिनींचे प्रबंध त्याच निकालावर उभे आहेत, तेही पडतील. चंबूचा कल बनावटकडे आहे. ते लिहिलं की दोष एकट्या तुझा होतो, विभागाचा नाही.

जाताना घाई पायऱ्यांवरून म्हणाली, “बाई, ताई तुमच्यावर रागावल्यात का हो?”

मी म्हटलं, “तिला विचार.”

“विचारलं. म्हणाल्या, नाही.”

बोळके, तू रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं. हे पत्र मी आज टाकणार नाही. वाचून बघते.

(टाकते आहे. सोमवार.)


सोमवार, १७ मार्च

बोळके,

शुक्रवार दिनांक २६ मे रोजी, सकाळी सव्वानऊ वाजता. दोन वर्षं होतील आता. ठिकाण तेच. साक्षीदार कुणी नाही.

मोठ्या पिल्लांचे सहा अर्धे जबडे तू २८ एप्रिलला माझ्याकडे दिले होतेस. प्रत्येकाची उजवी बाजू मला, डावी बाजू तळघरातल्या खोल फ्रीजरमध्ये. हाडदात मऊ केल्याशिवाय कापता येत नाहीत आणि चिठ्ठ्या शाबूत ठेवायच्या तर मऊ करायची एकच रीत: ईडीटीएच्या पाण्यात, फ्रिजमध्ये, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं आणि वाट बघायची. अठ्ठावीस दिवस लागतील असं आपण दोघींनी धरलं होतं. तो अठ्ठाविसावा दिवस होता.

मी बरणीतलं पाणी नळीत घेतलं, त्यात ऑक्झॅलेटचे थेंब टाकले आणि नळी खिडकीकडे धरली. दूध झालं. म्हणजे जबड्यातून अजून कॅल्शियम निघत होतं. पुन्हा केलं. पुन्हा दूध. अजून दोन आठवडे तरी हवे होते.

माझ्याकडे पाच दिवस होते. बुधवारी, ३१ मे रोजी मी निवृत्त होत होते. उरलेले दिवस घाई करणार होती. ती आदल्याच आठवड्यात येऊन गेली होती, माझ्या स्टुलावर बसून गोल फिरली होती, आणि माझ्या ब्रशने तिने टेबल झाडलं होतं. तुझ्या कामाच्या सगळ्या मालिका पहिल्या जबड्यापासून माझ्या हातच्या होत्या. शेवटची मालिका तिच्या हातची असणार, आणि निबंधात आभार मानताना तू दोन नावं लिहिणार, हे मला सहन झालं नाही. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं कारण मी दहा दिवस शोधते आहे. सापडत नाही.

मी बरणी फ्रिजमधून काढली, ईडीटीए ओतून दिलं आणि फॉर्मिक ॲसिड घातलं. शनिवारी सकाळी सव्वानऊपर्यंत ठेवलं. चोवीस तासांत जबडे लोण्यासारखे झाले. सोमवारी ब्लॉक, मंगळवारी काप, बुधवारी रंग. आणि रजिस्टरमध्ये माझ्या त्या सुंदर कॉन्व्हेंटी अक्षरात लिहिलं: ईडीटीए, २८ दिवस, चाचणी स्वच्छ.

ॲसिड पेशींचा आकार ठेवतं आणि आतल्या चिठ्ठ्या खातं, हे मला माहीत होतं. पण मी मनाशी म्हटलं, एक दिवसाने काय होतंय. थोडं कमी दिसेल. चौतीस वर्षं मी इतर लोकांच्या मनातलं हेच वाक्य ओळखून त्यांना फाडून खात आले.

आता खरं ते पुढे आहे. ॲसिड ही चूक होती असं कुणी म्हणेल, मीही म्हणेन. पण बुधवारी पहिली स्लाइड रंगवली आणि केंद्रकं फिकी आली. तेव्हा मला कळलं, ॲसिडने आतलं खाल्लंय. मी थांबू शकले असते. तू पलीकडच्याच खोलीत माझ्या समारंभासाठी खुर्च्या मांडत होतीस, सरकवल्याचा आवाज येत होता. मी उरलेल्या स्लाइड सहा मिनिटांऐवजी अकरा मिनिटं रंगात ठेवल्या. केंद्रकं गडद झाली. सुरेख झाली.

तू आलीस, एक स्लाइड बघितलीस आणि म्हणालीस, “बाई, हे बघूनच कळतं ब्लॉक किती उत्तम आहे. काप थोडेच आहेत, यांच्यावर कंट्रोल लावून वाया नाही घालवत.”

मी ऐकलं. मी म्हटलं, “चल, चार वाजत आले, चंबू भाषण करणार आहे, त्याला थांबवायला हवं.”

तू खूप हसलीस.

म्हणजे आळस तुझा नव्हता. २४ फेब्रुवारीच्या पत्रात मी तुला जे विचारलं, त्याचं उत्तर मला ते लिहितानाही माहीत होतं. तू कंट्रोल लावलं नाहीस, कारण स्लाइड मी केली होती.

आणखी एक. मी उशीसाठी आले नव्हते. परदेशातल्या प्रयोगशाळेचं मला चंबूकडून कळलं, हेही खोटं. तो निबंध मी डिसेंबरमध्येच वाचनालयात बसून वाचला. इंग्रजी मला येतं, सिस्टरांच्या कृपेने. त्यात एक ओळ होती: मोठ्या जबड्यांना आम्ही सहा आठवडे दिले. ती ओळ वाचली आणि घरी आले, आणि दोन महिने गप्प बसले. त्या दिवशी पर्समध्ये पातळ पातं होतं, मायक्रोटोमचं जुनं. रजिस्टरचं ते पान मी कापून काढणार होते. शिवणीपासून, कळणार नाही असं. माझ्याइतकं सरळ कापणारं तिथे दुसरं कुणी नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. मग हातातल्या पर्सकडे. मग ‘मॅडम’ म्हणालीस, त्या दोन लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि दारात आडवी उभी राहिलीस. तुला जानेवारीपासूनच माहीत होतं. मला आत सोडलं असतंस तर त्यांच्या डोळ्यांदेखत मी चोर झाले असते. तू मला परक्या बाईसारखं परत पाठवलंस.

त्यावर मी तुला लांबलचक तक्रार लिहिली आणि घड्याळाची चार मिनिटं वजा केली.

मला काय म्हणायचं आहे ते मला या पत्रात म्हणता येत नाही. सिस्टरांनी तक्रारीचं पत्र शिकवलं. हे दुसरं शिकवलं असेल, पण मी त्या दिवशी लक्ष दिलं नसेल.

मावशी


मंगळवार, २५ मार्च

बोळके,

याही पत्राचं उत्तर नाही. पण काल अकरा वाजता खालच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानासमोर, तू दहा मिनिटं उभी होतीस. वर बघत होतीस. माझा चष्मा जुना आहे, पण डाव्या पायावर भार टाकून उभं राहायची खोड मी चाळीस वर्षं बघते आहे. मी पडद्यामागून हलले नाही. तू वर आली असतीस तर म्हणाली असतीस, “मावशी, तू काही सांगू नकोस, मी निभावून नेते.” आणि मला भीती वाटली, की मी हो म्हणेन.

म्हणून तू गेल्यावर चपला घातल्या आणि थेट समितीच्या कार्यालयात गेले. चिखलाच्या बुटाचा गृहस्थच होता. बूट पुसलेले होते. आधीच लिहून ठेवलेलं सहा पानांचं निवेदन दिलं, पोच घेतली. दिवस, वेळ, ठिकाण, ॲसिडच्या बाटलीवरचं लेबल, रंगाची अकरा मिनिटं. पर्समधलं पातंही लिहिलं.

त्यांनी वाचलं. म्हणाले, “तुम्ही हे कुणाला वाचवण्यासाठी लिहिता आहात, असं लोक म्हणतील.”

मी म्हटलं, “म्हणू देत. उजवे ब्लॉक तुमच्याच ताब्यात आहेत. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवा, सहा मिनिटं रंगवा आणि मग मला फोन करा.”

“तुमच्या नावाने विभागात एक ढाल आहे ना? उत्कृष्ट तंत्रज्ञासाठी?”

“आहे. उतरवायला शिडी लागेल. चंबूसाहेब उंच आहेत, त्यांना सांगा.”

बाहेर आले. जिना उतरताना कठडा धरला. हेही नोंदवून ठेव.

निवेदनाची प्रत सोबत आहे. नीट वाच. तांत्रिक चूक असेल तर लाल शाईने खूण कर. यात तुझी परवानगी मागितलेली नाही. तू मला वाचवायचं ठरवलंस तेव्हा माझी मागितली होतीस का? आणि सोमवारी समितीपुढे पुन्हा ‘चूक माझी’ म्हणू नकोस. तुझ्या वाट्याची आहे तेवढीच म्हण. कंट्रोल लावायला हवं होतं. ती तुझी. बाकीची मला परत दे.

यापुढे जे आहे त्यासाठी मात्र तुझी परवानगी लागते.

डाव्या बाजूचे सहा जबडे अजून तळघरातल्या फ्रीजरमध्ये आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही. ते गृहस्थ म्हणाले, तुझा अर्ज आला तर समिती ते जबडे पुन्हा करू देईल, त्यांच्या देखरेखीखाली, आणि निकाल लागेपर्यंत निर्णय थांबवेल. अर्जावर सही तुझी हवी. दोन महिने मिळतील. तुझा निष्कर्ष चुकलेला निघेल, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. पण तो चुकला की बनवला, हे त्या सहा डाव्या जबड्यांतून सिद्ध होईल. त्यांत चिठ्ठ्या असतील, म्हणजे उजव्या बाजूंतल्या माझ्या ॲसिडने खाल्ल्या. मला खात्री आहे.

ते काम मी करणार नाही. घाई करेल. पाणी ती बदलेल, नळी खिडकीकडे ती धरेल, रजिस्टर तिच्या हाताने लिहिलं जाईल. तिचं अक्षर म्हणजे शाईत पडून उठलेल्या झुरळाची चाल, पण असू दे. मी समितीला विचारलं आहे, मी शेजारी बसले तर चालेल का. कशालाही हात न लावता. ते म्हणाले, संशोधकाची हरकत नसेल तर चालेल. संशोधक म्हणजे तू. उशी माझी मी आणीन.

या वेळी अठ्ठावीस दिवस धरायचे नाहीत. बेचाळीस धर. नळीत दूध दिसलं तर पन्नास. माझ्याकडे आता कुठलीही शेवटची तारीख नाही.

तुझ्या दाताची ती स्लाइड काल काढून बघितली. काचेच्या कडेला माझंच अक्षर आहे: ‘बोळकं, वय ७’. जन्माची रेघ अजून स्वच्छ दिसते. त्या रेघेच्या बाहेर मात्र लगेचच दुसरी एक बारीक रेघ आहे, ती मी तेव्हा तुला दाखवली नव्हती. कुठल्या तरी तापाची असेल. तुझी आई म्हणायची, जन्मल्यावर पहिल्याच महिन्यात तू फार आजारी होतीस. मुलं बरी होतात, इनॅमल पुढे चांगलं घडतं, रेघ तेवढी राहते. इतकंच मला माहीत आहे. पुढचं तू शिकलेली आहेस.

तेव्हा मला दोन गोष्टींचं उत्तर हवं आहे. एक, अर्जावर सही करशील की नाही. दोन, मी त्या स्टुलावर बसलेली तुला चालेल की नाही. पहिल्याचं उत्तर हो असेल आणि दुसऱ्याचं नाही, तरी चालेल. तसं लिही. मी समजून घेणार नाही, पण ऐकेन.

उत्तर लेखी हवं. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मी तुझ्यावर ओरडेन, आणि अर्ज राहून जाईल. शुक्रवार, २८ मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. पाच म्हणजे पाच. प्रयोगशाळेच्या घड्याळावर बघणार असशील, तर तिथे पाच वाजून चार मिनिटं झालेली असतील.

मावशी